‘एफ, ओ, उभी रेघ’ म्हणजे विद्यार्थी!

प्रश्न : काका, मी सेलूची. नजर हळूहळू कमी होत गेली, आता अक्षर दिसत नाही. तलाठी भरतीची तयारी चालू आहे. फोनवरचा मजकूर बोलून दाखवणारा टॉकबॅक शिकले. व्हॉट्सअ‍ॅप, बातम्या तो मराठीत झकास वाचतो. पण क्लासच्या नोट्सची पीडीएफ उघडली की एखाद्या फाइलीत इंग्रजी बडबड आणि एखादीत चिडीचूप. सर म्हणतात, बाकी पोरांना दिसतंय, तुझाच फोन बिघडला असेल. दादा नवा फोन घ्यायचं म्हणतोय. घेऊ का?

उत्तर : नको, माय. दादाचे पैसे राहू दे. फोन धडधाकट आहे, दुखणं फाइलीत आहे.

टॉकबॅकला पान दिसत नसतं. फाइलीच्या पोटात जे अक्षर साठवलंय, ते तो उचलतो आणि बोलतो. आपल्याकडं टायपिंगच्या दुकानांत अजून कृतिदेव नावाचा जुना फॉन्ट चालतो. त्यात इंग्रजी ‘डी’च्या जागेवर ‘क’चं चित्र बसवलेलं असतं. बघणाऱ्याला ‘क’ दिसतो, पोटात मात्र डीच. मी एकदा एक शब्द अक्षर-अक्षर करून ऐकला : एफ, ओ, उभी रेघ, के, कॅपिटल एफ, के, एच, कॅपिटल झेड. दोन दिवस डोकं खाजवलं, मग पुतण्याला विचारलं. म्हणाला, ‘काका, इथं विद्यार्थी लिहिलंय.’ विद्यार्थ्यालाच वाचता येईना, असा तो विद्यार्थी!

चिडीचूप फाइल म्हणजे पानांचे नुसते फोटो. त्यात अक्षरच नाही, तर बोलणार काय?

इलाज दोन्हींवर एकच, आणि तो मला उशिरा सुचला. कृतिदेवचं पान डोळ्याला बरोबर दिसतं ना, मग त्याचाही फोटोच करायचा. स्क्रीनशॉट काढ, गुगल लेन्समध्ये उघड, मजकूर निवडून कॉपी कर आणि स्वतःला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. लेन्स आकारावरून अक्षर ओळखतं, पोटात काय आहे ते बघत नाही. पानं जास्त असतील तर भावाला कॉम्प्युटरवर बसव. फोटो गुगल ड्राइव्हवर चढवायचे आणि ‘गुगल डॉक्स’नं उघडायचे, खाली मजकूर येतो. मूळ पीडीएफ तशीच चढवू नका, पुन्हा एफ-ओ पदरात पडायचं.

आकड्यांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नको (आपण दोघंही झाकलेलेच, पण समजून घे). १ आणि ९ मध्ये हे यंत्र हमखास गडबडतं. माझ्या एका पानात १७ सप्टेंबर १९४८ चं ११४८ झालं होतं. मुक्तिसंग्राम थेट यादवांच्या काळात! सनावळ्या कुणाकडून तरी एकदा तपासून घे. तक्त्यांचा तर पार काला होतो. ते सरळ मैत्रिणीकडून वाचून घे, तिथं वेळ घालवू नको.

कॉम्प्युटर हाताशी असेल तर एनव्हीडीए टाकून घे, तो कॉम्प्युटरवरचा टॉकबॅकच समज, फुकट आहे. त्याच्यासोबत येणारा मराठी आवाज पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखा आहे, आठवडाभरात कान सरावतात. मी आता त्याच आवाजात दुप्पट वेगानं ऐकतो. बायको म्हणते, घरात टिटवी पाळलीय.

आता सरांचं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात कलम ४२ मजकूर सुलभ स्वरूपात असण्याबद्दलच आहे. पण तो पिशवीत असू दे, पहिल्याच भेटीत काढू नको. सरांना नव्हे, नोट्स टाइप करणाऱ्याला गाठ. त्याला म्हण, ‘दादा, युनिकोडमध्ये टाइप करा, आणि पीडीएफ करायच्या आधीची वर्डची फाइल मला द्या.’ युनिकोडमध्ये ‘क’च्या पोटातही ‘क’च असतो. जुन्या फाइली असतील तर त्या वर्डमधला मजकूर कृतिदेवचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये टाकला की काम होतं, स्क्रीनशॉटची कटकटच नाही.

आणि ती बडबड करणारी फाइल एकदा मासिकाच्या पत्त्यावर पाठव. ‘डी’ला ‘क’ निघाला तर कृतिदेव. नाहीतर दुसरा कोणता जुना फॉन्ट आहे ते ऐकून सांगतो.