'रेंज आहे, पण नेट नाही' हे वाक्य खोडायचं का?

विट्याहून एका शिक्षिकेचा प्रश्न आला आहे. त्या पदविकेच्या मुलांना संगणक-नेटवर्कची तोंडओळख शिकवतात. मुलं 'रेंज', 'नेट' आणि 'नेटवर्क' हे शब्द सरमिसळ वापरतात, 'रेंज आहे पण नेट नाही' असं उत्तरपत्रिकेतही लिहितात. ते चूक धरून खोडावं का, असं त्यांनी विचारलं आहे. जोडीला आणखी तीन शंका आहेत: 'आंतरजाल' बरोबर की 'अंतर्जाल', 'बँडविड्थ'ला मराठीत काय म्हणायचं, आणि 'पॅकेट'ला आपला शब्द आहे का.

मॅडम, पहिलं वाक्य अजिबात खोडू नका. तुमच्या विषयाचा पहिला धडा त्यात आहे, आणि तो मुलांनी पुस्तक उघडण्याआधीच सांगितला आहे.

मोबाईलच्या कोपऱ्यातल्या दांड्या एवढंच सांगतात, की आपला फोन आणि जवळचा टॉवर यांच्यात रेडिओलहरींचा संपर्क किती जोरकस आहे. टॉवरच्या पुढं काय चाललंय याची त्या दांड्यांना काहीच खबर नसते. टॉवरपासून फायबरनं किंवा मायक्रोवेव्हनं कंपनीच्या केंद्रापर्यंत जायचं, तिथून इंटरनेटवर, आणि मग कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरपर्यंत, असा खरा पल्ला त्यापुढं असतो. महामार्गाच्या कामात जेसीबीचा दात फायबरला लागला आणि टॉवरला दुसरी जोडणी नसली, की टॉवरची वीज चालू, लहरी चालू, फोनवर दांड्या पूर्ण, आणि तरी एक पान उघडत नाही. हा बिघाड ओळखून मुलगा म्हणतो, 'रेंज आहे, पण नेट नाही.' याहून नेमकं वाक्य मला तरी सुचत नाही.

हीच गोष्ट पालीच्या खंडोबाच्या यात्रेत वेगळ्या कारणानं होते. टॉवर डोळ्यांसमोर, दांड्या भरलेल्या, पण भंडाऱ्यात न्हालेला फोटो काही केल्या जात नाही. टॉवरला वापरायला मिळालेला लहरींचा पट्टा ठरावीक असतो आणि त्यात गर्दीतला प्रत्येक फोन वाटेकरी असतो. सिग्नल उत्तम, वाट्याला येणारा भाग नगण्य. उलटा प्रकार बामणोलीकडं किंवा पाटणच्या दऱ्यांत दिसतो. एकच दांडी, तीही येऊन-जाऊन, पण दोन ओळींचा निरोप जातो. सिग्नल अशक्त असला की फोन आणि टॉवर सावकाश, चुका कमी होतील अशा पद्धतीनं एकमेकांशी बोलतात. दोन ओळींना तेवढं पुरतं, व्हिडिओला पुरत नाही.

हा भेद मराठीनं क्रियापदांतसुद्धा किती चोख पाळला आहे, ते बघा. रेंज 'येते', 'जाते', 'पकडते', आणि आपल्याकडच्या बोलीत 'घावते'. 'इथं रेंज घावंना, माळावर चल' हे वाक्य कुठल्याही वस्तीवर ऐकू येईल. नेट मात्र 'चालतं', 'पळतं', 'बंद पडतं', 'गंडतं'. 'नेट घावंना' असं सहसा कुणी म्हणत नाही, आणि 'रेंज पळते' असंही नाही. रेंज ही बाहेरून मिळणारी गोष्ट, म्हणून तिची क्रियापदं मिळण्या-न मिळण्याची. नेट ही चालू असलेली यंत्रणा, म्हणून तिची क्रियापदं चालण्या-बंद पडण्याची. 'पकडणं' तर रेडिओपासून चालत आलं आहे; सांगली आकाशवाणी पकडते की नाही हे लोक कितीतरी वर्षं विचारत आले. दोन्हीकडं लहरीच पकडायच्या, त्यामुळं क्रियापद बदलायचं कारणच पडलं नाही.

लिंगही आपोआप ठरून गेलं: रेंज गेली, डेटा संपला, नेट बंद पडलं. हे शब्द कुठल्या समितीत ठरले नाहीत, मोबाईलच्या दुकानांत आणि एसटी स्टँडवर ठरले. आपल्याच वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला, त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्या कामात एकेका पारिभाषिक शब्दाचा काथ्याकूट व्हायचा. त्या परंपरेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण इथं लोकांनी तो काथ्याकूट न करताच बरोबर जागी शब्द बसवले आहेत, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

मग गोंधळ कुठं आहे? तो 'नेटवर्क' या शब्दात आहे, आणि वर्गात वेळ द्यायचा तर तो याच शब्दाला द्या. फोन लागला नाही की 'नेटवर्क कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर' हे ऐकून ऐकून मुलांच्या मनात नेटवर्क म्हणजे रेंज असं पक्कं बसलंय. काहींच्या लेखी नेटवर्क म्हणजे इंटरनेट. तुमच्या विषयात या दोन्हींपैकी एकही अर्थ नाही. दोन संगणक एका केबलनं जोडले आणि ठरलेल्या नियमांनी त्यांची देवाणघेवाण सुरू झाली, की नेटवर्क झालं. त्यात टॉवर नको, इंटरनेटही नको.

हे प्रयोगशाळेत पाच मिनिटांत दाखवता येतं. बाहेरून येणारी इंटरनेटची केबल राऊटरमधून काढा. लगेच मागच्या बाकावरून 'मॅडम, नेट गेलं' अशी हाक येईल. आता त्याच मुलाला शेजारच्या संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) देऊन पिंग करायला, म्हणजे तो संगणक उत्तर देतो का हे तपासायला सांगा. पडद्यावर उत्तरांच्या ओळी येऊ लागतील, प्रत्येक ओळीत वेळ एक मिलिसेकंद किंवा त्याहून कमी. सामायिक प्रिंटर चालेल, एकमेकांच्या फाइलीही उघडतील. नेट नाही, नेटवर्क आहे. हे वाक्य मुलांच्या तोंडून आलं की 'रेंज आहे, पण नेट नाही'च्या शेजारी फळ्यावर लिहा. तिन्ही शब्दांच्या हद्दी त्या दोन ओळींत आखल्या जातात.

आता 'आंतरजाल' की 'अंतर्जाल'. मराठीत 'आंतर' हे पूर्वपद 'एकाहून अधिकांच्या मधलं' अशा अर्थानं रुळलं आहे: आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय, आंतरशालेय. 'अंतर्' म्हणजे आतलं: अंतर्गत, अंतर्मन. संस्कृतात 'आंतर' म्हणजेसुद्धा आतलं, आणि आपल्या 'आंतरिक'मध्ये तो अर्थ अजून शाबूत आहे. तेव्हा हा भेद व्युत्पत्तीनं दिलेला नाही, मराठीच्या वापरानं पाडलेला आहे. पण पाडलाय तो पक्का. हिंदीत 'अंतरजाल' लिहितात ते त्यांच्या वळणानं बरोबर, आपण ते उचलायचं कारण नाही. तुमच्या मुलांपैकी बरीच शेतकऱ्यांच्या घरची असतील. त्यांना आंतरराष्ट्रीयपेक्षा 'आंतरपीक' आणि 'आंतरमशागत' हे शब्द जवळचे. उसाच्या दोन सरींमध्ये हरभरा घेतला की ते आंतरपीक, हे त्यांना सांगावं लागत नाही.

आणि इथं शब्दाचा अर्थ खरोखर तंत्राशी जुळतो. इंटरनेट हे एक अवाढव्य जाळं नाही, ते वेगवेगळ्या मालकांच्या जाळ्यांना आपापसांत जोडणारी व्यवस्था आहे. अमेरिकेतल्या अर्पानेट या सुरुवातीच्या संगणक-जाळ्यावर पहिला निरोप २९ ऑक्टोबर १९६९ रोजी गेला. तेव्हा ते एकच जाळं होतं. पुढं रेडिओवर चालणारी, उपग्रहावर चालणारी अशी निराळ्या जातीची जाळी तयार झाली आणि त्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून टीसीपी-आयपी हे नियम बांधले गेले. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट त्या नियमांवर आलं. जाळ्या-जाळ्यांच्या मधलं ते आंतरजाल, संस्थेच्या चार भिंतींतलं ते अंतर्जाल. दोन्ही शब्द ठेवा, फक्त आपापल्या जागी.

'जाळं' असताना 'जाल' कशाला, असंही कुणी विचारेल. सुटा शब्द म्हणून 'जाळं' उत्तमच आहे. रस्त्यांचं जाळं, कालव्यांचं जाळं आपण रोज म्हणतो. सामासिक शब्दात मात्र त्याचं 'जाळ' होतं, आणि 'महाजाळ' म्हटलं की आपल्या भागात पहिल्यांदा आग आठवते. म्हणून तिथं 'जाल' बरं. नेटवर्कसाठी काही जण वापरतात तो 'संजाल' मला कृत्रिम वाटतो, तो न वापरल्यानं काही अडत नाही.

'प्रोटोकॉल'बद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तो वाटेत येणारच. सरकारी कामकाजात त्याला 'राजशिष्टाचार' म्हणतात, तो इथं उपयोगाचा नाही. प्रोटोकॉल हाच शब्द ठेवा आणि 'देवाणघेवाणीचे ठरलेले संकेत' अशी फोड करून द्या.

'बँडविड्थ'चं दुखणं असं, की मूळ शब्दालाच दोन अर्थ आहेत. रेडिओवाल्यांच्या लेखी ती लहरींच्या पट्ट्याची रुंदी, मोजायची हर्ट्झमध्ये. संगणकवाल्यांच्या लेखी दर सेकंदाला किती बिट जाऊ शकतात ती क्षमता. दोन्हींचं नातं अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनननं १९४८ साली सूत्रात मांडलं: पट्टा रुंद आणि गोंगाट कमी, तर क्षमता जास्त. पण नातं असलं तरी त्या दोन गोष्टी एक नव्हेत. तेव्हा पहिल्या अर्थाला 'पट्ट्याची रुंदी' आणि दुसऱ्याला 'वहनक्षमता' असं सरळ वेगळं म्हणावं. मी स्वतः वहनक्षमता वापरतो, तो शब्द सोडवून सांगावा लागत नाही.

त्याहून जास्त गोंधळ लोकांच्या 'स्पीड' या शब्दानं होतो, कारण 'नेट स्लो आहे' या एका तक्रारीत दोन निराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. म्हैसाळला कृष्णेचे पंप सुरू झाले, तरी कालव्यानं पाणी दूरच्या जतेत पोहोचायला वेळ लागतो. तो वेळ हा विलंब. पोहोचल्यावर ते किती धारेनं येतं, ती वहनक्षमता. कालवा रुंद केल्यानं धार वाढेल, म्हैसाळ-जत अंतर कमी होणार नाही. नेटचंही तसंच. भूस्थिर उपग्रह, म्हणजे जमिनीवरून एकाच जागी थांबलेला दिसणारा, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असतो. तिथवर जाऊन खाली उतरायचं आणि उत्तरानंही तसंच परतायचं, यात जवळपास अर्धा सेकंद मोडतो. अशा जोडणीवर सिनेमा नीट दिसेल, पण समोरासमोर बोलताना दोघंही एकदमच बोलायला लागतील. 'स्लो' म्हणणाऱ्या मुलाला पुढचा प्रश्न विचारा: उशिरा येतंय, की थोडं थोडं येतंय? मराठीत हा फरक सहज करता येतो, फक्त करायची सवय लावायला हवी. जाता जाता, १०० एमबीपीएसच्या जोडणीत सेकंदाला १०० मेगाबाइट येत नाहीत, फार तर १२.५ येतात. 'बी' तिथं बिटचा आहे, आणि आठ बिटांचा एक बाइट.

राहिला 'पॅकेट', आणि याचं उत्तर द्यायला मला विशेष आनंद होतो. मजकूर एकसंध न पाठवता त्याचे लहान तुकडे करायचे, प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता घालायचा, ते सुटे सुटे सोडायचे आणि पलीकडं पुन्हा जुळवायचे, ही कल्पना १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांना स्वतंत्रपणे सुचली. तुकड्याला 'पॅकेट' हे नाव दिलं ते डेव्हिस यांनी. ते पक्कं करण्याआधी त्यांनी आपल्या प्रयोगशाळेतल्या भाषातज्ज्ञांना विचारून घेतलं, की इतर भाषांमध्ये या शब्दाची भावंडं सापडतील ना. संगणकाचा माणूस शब्द ठरवताना दुसऱ्या भाषांचा विचार करतो, याचं मला फार कौतुक वाटतं.

त्यातलं एक भावंड आपल्याकडं आहेच. इंग्रजीतल्या त्याच शब्दाचं मराठीत कधीच 'पाकीट' झालं. टपालाचं पाकीट म्हटलं की वर पत्ता आणि आत मजकूर हे चित्र तयार असतं, आणि नेटवर्कच्या पॅकेटची रचना तशीच आहे: पुढं पत्त्याचा भाग, मागं मजकूर. इथरनेटवर, म्हणजे केबलनं संगणक जोडायच्या नेहमीच्या पद्धतीत, एका पाकिटात साधारणपणे जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात. म्हणजे ३ एमबीचा फोटो पाठवायचा तर किमान २ हजार पाकिटं निघतात. ती सगळी एकाच वाटेनं जातील असं नाही, पाठवल्या क्रमानं पोहोचतील असंही नाही. एखादं हरवलं तर ते पुन्हा मागवायचं आणि सगळी क्रमानं लावायची, हे काम टीसीपी-आयपी नियमांतली टीसीपी करते. फोटो अर्धा दिसून थांबतो तेव्हा बहुधा पुढची पाकिटं यायची असतात.

हल्ली पाकीट म्हटलं की मुलांना खिशातलं पैशाचं पाकीट आधी आठवेल, ही अडचण खरी आहे. पण ती पहिल्या तासापुरती. तुमच्या वर्गात 'डेटा पाकिटांमधून जातो' असं कुणी लिहिलं आणि पुढं पत्ता, क्रमांक, जुळणी हे बरोबर सांगितलं, तर पूर्ण गुण द्या. 'पॅकेट' लिहिणाऱ्यालाही तेवढेच द्या. फक्त ऱ्हस्व-दीर्घाकडं लक्ष असू द्या: 'पाकीट' दीर्घ, पण 'पाकिटं', 'पाकिटात', 'पाकिटाचा' ऱ्हस्व.