आमदारांच्या लेखी प्रश्नाने शाळेला शिक्षक मिळतो का?

ताई, तुमची अडचण दोनदा वाचली. थोडक्यात ती अशी: कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या तुमच्या गावची सरकारी मराठी शाळा, पहिली ते सातवी, पट ८४, त्यातली पहिली ते पाचवीची मुलं ६३. शिकवायला दोघेच. एसडीएमसीने, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीने, बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) कचेरीत तीन निवेदनं दिली, तिन्हींची पोच मिळाली, शिक्षक मिळाला नाही. आता कुणीतरी सुचवलंय की आमदारांना विधानसभेत लेखी प्रश्न टाकायला सांगा. त्याने काही होतं की नुसता कागद वाढतो, असं तुम्ही विचारलंय.

होतं. मी नऊ वर्षं एका विधान परिषद सदस्यांकडे लिखापढीचं काम केलं. मराठी घरातला असून कन्नड लिहिता येतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. त्या वर्षांत शेकडो प्रश्न हाताखालून गेले. त्यातून जे कळलं ते सांगतो.

प्रश्न टाकल्यावर तो कागद कुठे कुठे जातो ते आधी समजून घ्या. आमदारांनी सूचना दिली की विधानसभेच्या सचिवालयात ती तपासली जाते. मान्य झाली की शालेय शिक्षण व साक्षरता खात्याकडे, तिथून आयुक्तांकडे, आपल्या भागासाठी धारवाडच्या अपर आयुक्तांकडे, मग बेळगावच्या डीडीपीआयकडे (जिल्ह्याचे शिक्षण उपसंचालक), तिथून खानापूरच्या बीईओकडे, बीईओकडून सीआरपीकडे (आसपासच्या शाळांचा गट सांभाळणारे), आणि शेवटी तुमच्याच शाळेच्या मुख्याध्यापकांच्या फोनवर. "सर, एलएक्यू आलंय बघा, पाचच्या आत आकडे पाठवा." कचेऱ्यांत विधानसभेच्या प्रश्नाला एलएक्यू म्हणतात, परिषदेच्या प्रश्नाला एलसीक्यू. ही अक्षरं फाइलवर पडली की बाकीच्या फायली बाजूला सरकतात. तुमची तीन निवेदनं ज्या टेबलावर पडून आहेत, त्याच टेबलाला त्या दिवशी उत्तर लिहावं लागतं, आणि ते उत्तर वर चढत चढत मंत्र्यांच्या नावाने सभागृहात जातं.

म्हणजे मंत्री जो आकडा सांगणार, तो तुमच्या गावातूनच निघतो. गाव सोडून सगळे बेंगळुरूकडे बघत बसतात, आणि इथे शाळेच्या टेबलावर चुकीचा आकडा लिहिला जातो.

एक अनुभव सांगतो. जांबोटी भागातल्या एका शाळेबद्दल आम्ही प्रश्न दिला होता. उत्तर आलं, सोबत अनुबंध, म्हणजे शाळावार तक्ता. त्या शाळेपुढे लिहिलं होतं: मंजूर ४, कार्यरत ४, रिक्त शून्य. गावात प्रत्यक्ष दोघे होते. मी आणि एसडीएमसीचे अध्यक्ष शाळेत गेलो, हजेरी पुस्तक उघडलं. पावसाने कडा फुगलेलं, निळ्या पुठ्ठ्याचं. चार नावं होती खरी. दोघांच्या सह्या रोजच्या रोज. तिसऱ्या नावापुढे सलग पानं "डेप्युटेशन" असा एकच शब्द, ते सर तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करत होते. चौथ्या बाई मे महिन्यात निवृत्त झालेल्या, त्यांचं नाव यादीतून काढलंच नव्हतं. कुणी मुद्दाम खोटं लिहिलं असं मला वाटत नाही. पाचच्या आत आकडा मागितला, जुनी यादी होती ती पाठवली गेली.

आम्ही त्या पानांचे फोटो घेतले, अनुबंधाची प्रत जोडली, आणि सदस्यांच्या लेटरहेडवर दोनच ओळींचं पत्र दिलं: सभागृहाला दिलेली माहिती आणि शाळेतली स्थिती जुळत नाही, खुलासा करावा. सभागृहाला चुकीची माहिती जाणं म्हणजे हक्कभंगाचा विषय होऊ शकतो, हे प्रत्येक अधिकारी जाणतो. दहाव्या दिवशी डेप्युटेशन रद्द झालं, सर शाळेत परतले. निवृत्त बाईंची जागा मात्र कायमची भरली नाही, अतिथी शिक्षक, म्हणजे तात्पुरता, मिळाला. चारपैकी साडेतीन म्हणा. पण तीन निवेदनांनी जे झालं नव्हतं, ते त्या एका तक्त्याने झालं.

आता प्रश्न कसा लिहायचा, कारण बहुतेक प्रश्न इथेच वाया जातात.

तुम्ही जो मसुदा पाठवलाय त्यात लिहिलंय, "मराठी शाळांवर सरकार जाणीवपूर्वक अन्याय करत आहे, हे खरे आहे काय?" तुमचा राग मला कळतो, तो खोटा नाही. पण असा प्रश्न एक तर फेटाळला जातो, नाही तर त्याला एका शब्दात "नाही" असं उत्तर येतं. प्रश्नात आरोप, तर्क, उपरोध, विशेषणं चालत नाहीत, मत विचारता येत नाही. लोकसभेच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलंय, आणि विधिमंडळांतही हीच रीत आहे. न्यायप्रविष्ट विषयही घेत नाहीत. सीमाभाग महाराष्ट्राला द्यावा की नाही यावर प्रश्न टाकाल तर तो परत येईल, कारण महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. शाळेच्या प्रश्नात सीमाप्रश्नाचा शब्दही आणू नका. दावा आपल्या जागी आहे, मुलांचं हे वर्ष आपल्या जागी.

मी असा लिहीन:

(अ) खानापूर तालुक्यातील सरकारी मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांत शिक्षकांची कमतरता असल्याचे सरकारच्या लक्षात आले आहे काय?
(आ) असल्यास, अमुक तारखेस प्रत्येक शाळेतील पट, मराठी माध्यमासाठी मंजूर पदे, त्या शाळेत प्रत्यक्ष शिकवणारे शिक्षक, डेप्युटेशनवर अन्यत्र असलेले शिक्षक व अतिथी शिक्षक किती? शाळावार माहिती द्यावी.
(इ) रिक्त पदे केव्हा भरणार, व तोवर कोणती व्यवस्था केली आहे?

बस, एवढंच. यातला प्रत्येक शब्द मार खाऊन शिकलेला आहे. "मराठी माध्यमासाठी" नाही लिहिलं तर कन्नड शिकवणारे शिक्षकही त्याच आकड्यात येतात आणि शाळा भरलेली दिसते. "तारखेस" नाही लिहिलं तर मागच्या वर्षीची यादी येते. "शाळावार" नाही लिहिलं तर सगळ्या जिल्ह्याचा एकच गोळाबेरीज आकडा येतो, आणि लक्षात ठेवा, शिक्षण खात्यासाठी महसुली बेळगाव जिल्ह्याचे बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत, नुसतं "बेळगाव जिल्हा" लिहून निपाणीकडच्या शाळा सुटतात. "प्रत्यक्ष शिकवणारे" का, ते वर सांगितलंच.

प्रश्न कन्नडमध्ये जाईल. (अ)चा शेवट "सरकारद गमनक्के बंदिदेये?" असा होतो आणि उत्तर येतं "बंदिदे", म्हणजे लक्षात आलंय. हा एक शब्द फार मोलाचा आहे ताई. एकदा "बंदिदे" म्हटलं की पुढे "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणायची वाट बंद. "बंदिल्ल" म्हटलं तर (आ) आणि (इ)ला ठरलेलं उत्तर येतं: "उद्भविसुवुदिल्ल", प्रश्न उद्भवत नाही. म्हणून प्रश्न देण्याआधी तुमच्या तिन्ही निवेदनांच्या पोचपावत्यांच्या प्रती आमदारांच्या कचेरीत द्या. पोच असताना "बंदिल्ल" लिहायला कुणी धजत नाही. ती निवेदनं वाया गेली असं समजू नका, त्यांचा उपयोग आत्ता आहे.

आणखी एक, आपली मराठी माणसं हमखास अडखळतात तो शब्द. उत्तराच्या कागदावर "उत्तरिसुव सचिवरु" असं असतं. आपल्याकडे सचिव म्हणजे अधिकारी, कन्नडमध्ये सचिव म्हणजे मंत्री. एकदा गावकऱ्यांनी "मंत्र्यांनी उत्तरच दिलं नाही, सचिवाने दिलं" म्हणून निषेधाचं पत्र तयार केलं होतं, मी वेळेत थांबवलं.

कन्नडमध्ये प्रश्न का द्यायचा, असं आपल्यातलेच काही जण विचारतील. मी हे मनापासून सांगतो: मराठी शाळा वाचवायला कन्नडमध्ये लिहिलेला कागद मराठीचंच काम करतो. राज्यघटनेच्या कलम २१० प्रमाणे ज्या सदस्याला राज्यभाषा, हिंदी किंवा इंग्रजी नीट बोलता येत नाही, त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. ती भाषणाची सोय आहे. तुमचा कागद मात्र ज्या टेबलावरून खाली यायचा आहे तिथे कन्नड वाचली जाते.

तारांकित की अतारांकित? कन्नडमध्ये चुक्के गुरुतिन आणि चुक्के गुरुतिल्लद. तारांकिताला मंत्री सभागृहात उत्तर देतात, उपप्रश्न विचारता येतो, पेपरात नाव येतं. म्हणून सगळ्यांना तोच हवा असतो. पण रोजचे मोजकेच प्रश्न तोंडी चर्चेला लागतात. लोकसभेतही दिवसाला तारांकित २० आणि अतारांकित २३० असतात, त्या वीसमधलेही सगळे चर्चेला येत नाहीत. अतारांकिताला लेखी उत्तर येतं. तुम्हाला तक्ता हवाय, टाळ्या नकोत. अतारांकितच मागा.

कुणाकडे जायचं हा खरा पेच. आमदार मंत्री असतील तर ते प्रश्न टाकू शकत नाहीत. आमदारांना रस नसेल तर विधान परिषद विसरू नका, तिच्या ७५ सदस्यांत तुमच्याशी बांधलेले लोक आहेत. बेळगाव स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघातून जे निवडून येतात, ते तुमच्या ग्रामपंचायत सदस्यांच्या मतांवर येतात. वायव्य शिक्षक मतदारसंघाचे सदस्य बेळगाव, बागलकोट, विजयपूर या जिल्ह्यांतल्या शिक्षकांच्या मतांवर. ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन अध्यक्षांसह चार सदस्य गेले की त्यांना बसवून चहा देतात आणि ऐकून घेतात. मी हे अनेकदा पाहिलंय. पक्ष बघू नका. २०१८ पासून महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार विधानसभेत नाही, म्हणून आपला आवाजच नाही असं धरून बसणं मला पटत नाही. प्रश्न टाकणाऱ्याचा पक्ष अनुबंधात छापून येत नाही.

खासदारांकडे धावण्यात अर्थ थोडा आहे. आधी लक्षात घ्या, खानापूर विधानसभा क्षेत्र बेळगाव लोकसभेत नाही, उत्तर कन्नडमध्ये आहे. निपाणी चिक्कोडीत आहे. चुकीच्या दारात अर्ज देऊन सहा महिने घालवलेली गावं मला माहीत आहेत. शिक्षण १९७६च्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आलं, तरी शिक्षकांच्या नेमणुका राज्याच्या, आणि केंद्रीय मंत्री तेवढंच सांगून मोकळे होतात. खासदारांकरवी विचारायचं असेल तर भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांबद्दल विचारा. कलम ३५०(ख) प्रमाणे हे पद आहे, अहवाल संसदेपुढे ठेवला जातो. कर्नाटकातल्या मराठी भाषकांच्या किती तक्रारी आल्या, राज्याने काय उत्तर दिलं, असा प्रश्न केंद्राच्या कक्षेत बसतो. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं यासाठी सोयी करण्याचं कलम ३५०(क) त्याला आधाराला आहे.

मुंबईचे आमदार आपल्याबद्दल कळकळीने बोलतात, त्याचं मोल आहे. पण तिथला मंत्री आपल्या शाळेच्या रिक्त पदाला उत्तर देऊ शकत नाही. महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी ज्या योजना काढल्या, त्यांचं काय झालं एवढंच तिथे विचारता येतं.

वेळेबद्दल. लोक डिसेंबरची वाट बघतात, सुवर्ण विधान सौधमध्ये अधिवेशन भरलं की हलगा-बस्तवाडकडे मोर्चे निघतात. तोवर प्रश्नांची मुदत संपलेली असते. प्रत्येक खात्याचा वार ठरलेला असतो आणि सूचना बरीच आधी द्यावी लागते. अधिवेशनाची नुसती चर्चा सुरू झाली की कागद तयार हवा.

उत्तरात "परिशीलनेयल्लिदे", विचाराधीन आहे, किंवा "क्रम", म्हणजे कारवाई, घेतला जाईल असं आलं तर निराश होऊ नका. त्यासाठी सरकारी भरवसेगळ समिती आहे, सरकारने सभागृहात दिलेले भरवसे पुरे झाले का हे ती बघते. आमदारांना सांगून ते वाक्य समितीकडे पाठवा. एका विहिरीच्या पंपाच्या बाबतीत आम्ही असं केलं होतं, वेळ लागला, पण पंप आला.

आणि कायदा तुमच्या बाजूने आहे हे (इ)च्या पाठपुराव्यात वापरा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. तुमची ६३ मुलं म्हणजे तीन शिक्षक फक्त पाचवीपर्यंतचेच झाले, सहावी-सातवी वेगळी. आता दोघे मिळून सात वर्ग ओढतायत.

आता तुम्ही एवढं करा. उद्या शाळेत जाऊन हजेरी पुस्तक बघा, मंजूर पदं किती ते मुख्याध्यापकांना विचारा, यूडायस कोड (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) लिहून घ्या, आणि पाचवीपर्यंतच्या ६३ आकड्यात कुणी नाव घालून शाळेत न येणारं मूल तर नाही ना, तेही तपासा, कारण तक्ता मागितला की तो आपल्यालाही मोजतो. मुख्याध्यापकांना घाबरवू नका, ते एकटे पडलेले असतात, त्यांना सांगा की एलएक्यू येईल तेव्हा डेप्युटेशनचा रकाना कोरा सोडू नका. हे सगळं इथे लिहा, मुलांची नावं न घालता. कन्नड मसुदा मी त्याच रात्री करून देतो.