‘अदृश्य’ विमानाची बाजू मांडण्यापूर्वी

ऐरोली, नवी मुंबई

चि. वादपटूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या भाषणाचा मसुदा नीट वाचला. ठाण्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ‘स्वदेशी विमान तयार होईपर्यंत भारताने परदेशी स्टेल्थ लढाऊ विमाने विकत घ्यावीत’ हा विषय आला आणि अनुकूल बाजू तुझ्या वाट्याला आली, हे चांगले झाले. ही बाजू वरवर सोपी वाटते, प्रत्यक्षात मात्र तीच अधिक कठीण आहे. तुझी भाषा ओघवती आहे आणि माहितीही कष्टाने जमवलेली दिसते. पण पहिल्याच परिच्छेदात ‘रडारला न दिसणारे विमान’ असे लिहून तू प्रतिपक्षाच्या हाती आयते कोलीत दिले आहेस.

रडारला मुळीच दिसत नाही असे लढाऊ विमान नाही. स्टेल्थ विमान, म्हणजे रडारला चकवण्यासाठी घडवलेले विमान, उशिरा दिसते, आणि किती उशिरा हे हिशेबाने सांगता येते. रडारची लहर विमानापर्यंत जाताना पसरते आणि परतताना पुन्हा पसरते, त्यामुळे परत येणारी ऊर्जा अंतराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात घटते. याचा परिणाम असा, की विमानाचा रडारला जाणवणारा आकार, ज्याला रडार क्रॉस-सेक्शन म्हणतात, तो दहापट कमी केला तरी विमान दिसण्याचे अंतर निम्मेसुद्धा होत नाही. समज, रडारला जाणवणारा आकार 1 चौरस मीटर असलेले विमान एखादे रडार 200 किलोमीटरवरून पकडते. आकार दहापट घटवला तर अंतर सुमारे 112 किलोमीटर होते, शंभरपट घटवला तर 63, हजारपट घटवला तर 36, आणि दहा हजारपट घटवला तेव्हा कुठे ते 20 वर येते. हे आकडे फळ्यावर मांडता आले नाहीत तरी तोंडपाठ असू देत. थोडेसे स्टेल्थ जवळजवळ निरुपयोगी का असते आणि पुरेसे स्टेल्थ इतके महाग का पडते, हे दोन्ही त्यांतून एकदम कळते. रडार ज्या वर्तुळात विमान पकडू शकते त्याची त्रिज्या 200 वरून 20 वर आली, की एकमेकांवर चढलेली वर्तुळे सुटी होतात, त्यांच्यामधून वाट निघते, आणि रडारला सुगावा लागण्यापूर्वीच वैमानिक दुरून अस्त्र सोडून परत फिरू शकतो. स्टेल्थच्या बाजूने यापेक्षा भक्कम युक्तिवाद मला तरी माहीत नाही.

एक सावधगिरी बाळग. एखादे विमान रडारला ‘गोटीएवढे’ दिसते, अशी वाक्ये मसुद्यातून काढून टाक. खरे आकडे गोपनीय असतात. बाहेर येतात ते बहुधा प्रसिद्धीसाठी, तेही समोरच्या बाजूने आणि विमानाला सोयीच्या अशा रडार-लहरींच्या पट्ट्यात मोजलेले. वरचे गणित मात्र कोणत्याही विमानाला लागू पडते आणि ते कोणी खोडून काढू शकत नाही.

हा आकार घटवतात कसा, हे परीक्षकांना डोळ्यांसमोर दिसले पाहिजे. 11 ऑक्टोबर 2024 रोजी नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवर हवाई दलाचे सी-295 हे मालवाहू विमान उतरले आणि सुखोई-30 विमानाने खालून घिरटी घातली, ते तू पाहिले असशील किंवा त्याची छायाचित्रे तरी पाहिली असशील. सुखोईचे समोरून काढलेले एखादे चित्र काढ आणि शेजारी अमेरिकेच्या एफ-35 या स्टेल्थ विमानाचे ठेव. सुखोईचे दोन्ही शेपटीपंख सरळ उभे आहेत, हवा ओढणारी तोंडे मोठी व उघडी आहेत, आणि शस्त्रे पंखांखाली लटकतात; रडारच्या लहरीला परत फिरायला इतक्या जागा आहेत. एफ-35 चे शेपटीपंख बाहेर कललेले, हवेचे मार्ग वळवून इंजिनाची पाती झाकलेली, दारांच्या कडा दातेरी आणि शस्त्रे पोटात. रडारची लहर शोषणारा लेप हे नंतरचे काम आहे. स्टेल्थचा मोठा वाटा घडणीचा असतो. सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव यांनी कडांवरून लहरी कशा विखुरतात याचे गणित 1962 मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याचा उपयोग अमेरिकेतील लॉकहीड कंपनीने एफ-117 या स्टेल्थ विमानासाठी करून घेतला, हा इतिहासाचा विनोद हवा तर एका वाक्यात सांग, त्यावर रेंगाळू नकोस.

या घडणीची किंमत पोटाला बसते. एफ-35ए एकूण सुमारे 8 टन शस्त्रे वाहू शकते, पण त्यांपैकी पोटात मावतात ती जेमतेम 2.6 टन, उरलेली पंखांखाली टांगली की स्टेल्थ गेलेच. सुखोई-30एमकेआयला शस्त्रे टांगण्याच्या बारा जागा आहेत आणि तेही सुमारे 8 टनच वाहते. तुझ्या मसुद्यात एकाच वाक्यात ‘आठ टन शस्त्रे घेऊनही रडारपासून सुरक्षित’ असे आले आहे. हे दोन्ही गुण एकाच उड्डाणात मिळत नाहीत. माहितीपत्रकातले सगळे सर्वोत्तम आकडे एका माळेत ओवण्याची सवय दोन्ही बाजूंच्या वक्त्यांना असते. प्रतिपक्षाने तसे केले तर तू एवढेच विचार, की हे आकडे कोणत्या भारासह मोजलेले आहेत.

आता 27 मार्च 1999. ही तारीख प्रतिपक्षाकडून येणारच. त्या रात्री तेव्हाच्या युगोस्लाव्हियाच्या (आजच्या सर्बियाच्या) हवाई संरक्षण दलाने 1960 च्या दशकातील एस-125 क्षेपणास्त्राने एफ-117 पाडले. त्या तुकडीचे प्रमुख झोल्तान दानी यांच्याकडे लांब लहरींचे जुने रडार होते, आणि इथे स्टेल्थची खरी मर्यादा उघडी पडते. लढाऊ विमानांचे नेम धरणारे रडार साधारण 3 सेंटिमीटरच्या लहरी वापरते आणि विमानाची घडण त्यांनाच चकवण्यासाठी केलेली असते. मीटरभर किंवा त्याहून लांब लहर शेपटीपंखाएवढ्या भागांच्या मापाची होते, आणि मग कोनांची कारागिरी फारशी चालत नाही.  मात्र लांब लहरीचे रडार ‘त्या बाजूला काहीतरी आहे’ एवढेच सांगते. क्षेपणास्त्र डागण्याइतकी अचूक जागा ते सहसा देत नाही. दानी यांची कुशलता अशी, की रडार थोडाच वेळ चालू ठेवायचे आणि तुकडीची जागा सतत बदलत राहायची. विमानेही ठरावीक मार्गांनी येत असल्याचा त्यांना फायदा झाला. तू उत्तर देताना हे सगळे मान्य कर आणि पुढे सांग, की नाटोच्या 78 दिवसांच्या त्या हवाई मोहिमेत पाडले गेलेले एफ-117 एकच. विमान पडू शकते हे सिद्ध झाले. स्टेल्थ निरर्थक आहे हे सिद्ध झाले नाही. उष्णता टिपणाऱ्या उपकरणांचा मुद्दाही निघेल. इंजिनाची धग पूर्ण लपत नाही, हे एका वाक्यात कबूल करून पुढे जा.

लेपाविषयी मला थोडे अधिकाराने बोलता येईल, कारण माझी नोकरीची वर्षे रबाळे एमआयडीसीत पृष्ठभागावर लेप चढवण्याच्या कामात गेली. तिथला लेप साधा, गंज रोखणारा; तरी त्याचे नियम कडक होते. हवेतील आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर गेली की काम थांबवायचे, आणि पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश जास्त असल्याशिवाय लेप फवारायची बंदूक हातात घ्यायची नाही. जुलैत ठाणे-बेलापूर पट्ट्यात ही अट पाळायची म्हणजे शेड बंद करून हवा कोरडी करावी लागते, आणि एवढे करूनही मायक्रॉन मोजणारा मीटर कुठे ना कुठे जाडी कमी दाखवतोच. हे पाण्याच्या टाकीवरच्या साध्या लेपाचे झाले. रडारची लहर शोषणाऱ्या लेपात जाडी हाच गुण असतो. दुरुस्तीसाठी झाकण उघडले, की स्क्रूच्या डोक्यापासून फटीपर्यंत सगळे पुन्हा भरून, सुकवून, तपासावे लागते. एफ-22 या आधीच्या अमेरिकी स्टेल्थ विमानात हा त्रास फार झाला, म्हणून एफ-35 मध्ये तो पदार्थ आवरणाचाच भाग करण्याचा मार्ग निवडला गेला. तरीही अमेरिकी संसदेसाठी हिशेब तपासणाऱ्या जीएओच्या अहवालानुसार मार्च 2023 मध्ये एफ-35 ताफ्यातील सुमारे 55 टक्केच विमाने कामगिरीस सज्ज होती. सगळा दोष लेपाचा नव्हे, सुटे भाग आणि दुरुस्ती केंद्रांची कमतरता हीदेखील मोठी कारणे होती. त्या ताफ्याच्या आयुष्यभराच्या देखभालीचा अंदाज 2018 मध्ये 1.1 लाख कोटी डॉलर होता, तो 2023 मध्ये 1.58 लाख कोटींवर गेला. म्हणून ‘एका विमानाची किंमत इतकी’ असे वाक्य तुझ्या तोंडी नको. विकत घेण्याची रक्कम ही पहिली पायरी असते. कोकण किनाऱ्याच्या किंवा ईशान्येच्या हवेत वातानुकूलित हँगर, लेप दुरुस्त करणारी माणसे आणि सुट्या भागांचा साठा हे खर्च वर्षानुवर्षे चालतात.

तिरुवनंतपुरमचा दाखला तू विनोद म्हणून घेतला आहेस. ब्रिटिश नौदलाचे एफ-35बी 14 जून 2025 रोजी तिथे उतरले, बिघाडामुळे अडकून पडले आणि 22 जुलैला परत उडाले. केरळ पर्यटन खात्याने थट्टा केली, सगळ्यांनी हसून घेतले. बिघाड हायड्रॉलिक यंत्रणेचा होता, स्टेल्थचा नव्हे. त्यामुळे तो स्टेल्थविरुद्ध पुरावा होत नाही आणि हसण्यावारी नेण्यासारखाही नाही. त्यातून निघणारा प्रश्न वेगळा आहे: हे विमान उघडण्याचा अधिकार कोणाला? दुरुस्तीसाठी ब्रिटनहून पथक यावे लागले. आपल्या विमानतळावर उभे असलेले आपलेच विमान दुसऱ्याच्या परवानगीशिवाय उघडता येणार नसेल, तर युद्धाच्या आठवड्यात त्याचा काय उपयोग, असे प्रतिपक्ष विचारील. त्याला जोडून तुर्कस्तानचे उदाहरण येईल: रशियाची एस-400 यंत्रणा घेतल्यामुळे 2019 मध्ये त्याला एफ-35 च्या कार्यक्रमातून वगळले गेले, आणि तीच यंत्रणा घेण्याचा करार आपण 2018 मध्ये केला आहे. दुसरा पर्याय रशियाच्या एसयू-57 चा. पण त्याच विमानावर आधारलेल्या संयुक्त प्रकल्पातून आपण 2018 मध्येच बाहेर पडलो. फेब्रुवारी 2025 मध्ये बेंगळुरूच्या प्रदर्शनात ही दोन्ही विमाने एकत्र दिसली म्हणून ती आपल्याला सारखीच उपलब्ध आहेत, असा अर्थ होत नाही.

मग तुझ्या हाती काय उरते? बरेच उरते, फक्त दावा लहान कर. चीनचे जे-20 हे स्टेल्थ विमान 2017 पासून सेवेत आहे, दुसरे जे-35ए 2024 मध्ये झुहाईच्या हवाई प्रदर्शनात जाहीरपणे दाखवले गेले, आणि आपल्या हवाई दलाकडे लढाऊ विमानांच्या मंजूर 42 तुकड्यांऐवजी (स्क्वाड्रनऐवजी) सप्टेंबर 2025 मध्ये मिग-21 निवृत्त झाल्यावर 29 उरल्या. आपल्या एएमसीए या स्वदेशी स्टेल्थ विमानाच्या विकासाला मार्च 2024 मध्ये सुमारे 15,000 कोटी रुपयांची मंजुरी मिळाली असली, तरी ते हवाई दलात येण्यासाठी 2035 च्या आसपासचा काळ सांगितला जातो. सगळा ताफा स्टेल्थ व्हावा असे म्हणू नकोस. तसे केले तर तुकड्यांची तूट उलट वाढेल, आणि अमेरिकेसारख्या धनाढ्य देशालाही एफ-22 ची निर्मिती 187 सेवा-विमानांवर थांबवावी लागली, हे कोणीतरी ऐकवेलच. तू दोन-तीन तुकड्याच माग, त्याही युद्धाच्या पहिल्या दिवसांसाठी, जेव्हा शत्रूची रडारे आणि क्षेपणास्त्रे शाबूत असतात. ती निकामी झाली की पंखांखाली भरपूर बॉम्ब टांगून सुखोई आणि राफेल पुढचे काम करू शकतात, आणि स्टेल्थचा छोटा भार ही मग उणीव राहत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न वेळेचा आहे आणि तुझ्या मसुद्यात त्याला स्पर्शही नाही. राफेलचा करार सप्टेंबर 2016 मध्ये झाला, पहिली विमाने अंबाल्याला जुलै 2020 मध्ये आली आणि छत्तिसावे डिसेंबर 2022 मध्ये. करारानंतर सहा वर्षे, आणि करारापूर्वीच्या वाटाघाटी वेगळ्या. हाच वेग धरला तर परदेशी विमाने पूर्ण येईपर्यंत एएमसीए दाराशी आलेले असेल, मग मधला काळ भरून निघाला कुठे? याला तुझ्याकडे दोनच उत्तरे आहेत: संरक्षण प्रकल्प ठरल्या वेळी क्वचितच पूर्ण होतात, त्यामुळे 2035 ही तारीख पुढे सरकण्याचा धोका धरावाच लागतो, आणि लेप, हँगर, डावपेच यांचे शिक्षण विमान हाती असल्याशिवाय होत नाही. मला दुसरे अधिक पटते. पहिले उत्तर मांडताना आवाज चढवू नकोस, कारण आपल्याच शास्त्रज्ञांवर अविश्वास दाखवल्यासारखे ते ऐकू येते, आणि ठाण्याच्या सभागृहात तेवढ्याने बाजू उलटते.

सुधारलेला मसुदा पाठव. प्रत्येक आकड्यापुढे त्याचे वर्ष लिहिलेले असू दे.

तुझे,
ऐरोलीचे काका