स्टेरॉइड नुकतंच सुरू झालंय? मग एवढं ऐका

कितीही बरं वाटलं तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बाहेरून प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी करतात. त्या पुन्हा कामाला लागायला कधी कधी महिने जातात, म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. एकदम थांबवलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर लगेच दवाखाना गाठा. ऑपरेशनच्या आधी स्टेरॉइड चालू असल्याचं आवर्जून सांगा. तशी चिठ्ठी पाकिटात ठेवाच. गोळी शक्यतो सकाळी, खाऊन घ्या. साखर, डोळे, हाडं तपासत राहा. या गोळीने चेहरा सुजून गोल झाला की आरशात बघवत नाही, ठाऊक आहे मला. डोस उतरला की बहुतेकांची सूज ओसरते.