वाचकांचे प्रश्न : परवाना असलेली सुईण

प्रश्न : आमच्याकडे सुईणपण सासूकडून सुनेकडे जायचे. जपानी अमलातल्या कोरियात (1910–1945) त्यासाठी म्हणे सरकारी परवाना लागे. तो कुणाला मिळे?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : 1914 च्या नियमावलीप्रमाणे विशीच्या पुढच्या बाईलाच, पुरुषाला नाही. मान्य संस्थेत शिकायचे, नाहीतर परीक्षा द्यायची. सरकारी इस्पितळांतले शिक्षण जपानीतून, त्यामुळे शाळा न पाहिलेल्या कोरियन मुलीला तिथे शिरकावच अवघड. सुरुवातीला परवान्यांत जपानी बायका जास्त दिसतात त्या यामुळे. मात्र परवाना हाती आला की नर्ससारखे डॉक्टरांच्या हाताखाली राबायला नको. स्वतःची पाटी लावावी, स्वतःची फी घ्यावी. सोलची जंग जोंग-म्यंग ही तरुण विधवा याच धंद्यावर उभी राहिली आणि पुढे 1927 मध्ये निघालेल्या ग्युनुह्वे या महिला संघटनेत आघाडीवर होती.

प्रश्न : घरची जाणती बाई आणि ही शिकलेली सुईण, कामात नेमका फरक काय?
– नर्सिंगची विद्यार्थिनी, कराड

उत्तर : कोरियन घरातही बाळंतपण सासूच्या हातून होई. नंतर बाळंतिणीला समुद्री शेवाळाचे सूप, दाराला पेंढ्याचा दोर (मुलगा झाला तर त्यात लाल मिरच्या) आणि 21 दिवस परक्याला मज्जाव. हा मज्जाव शहाणपणाचाच म्हणायचा. घोडे पेंड खाई ते नाळेपाशी. घरातल्या कात्री-विळ्याने नाळ कापली की माती-शेणातले धनुर्वाताचे बीजाणू (जंतूंचे चिवट, सुप्त रूप) आत जातात. दोन-तीन दिवस नीट पिणारे मूल मग एकाएकी दूध ओढेनासे होते, जबडा आवळतो. आपल्याकडे नाळेला राख किंवा शेण लावायचे, त्याचाही परिणाम हाच.

शिकलेली सुईण आधी नखे कापी, कोपरापर्यंत हात साबणाने आणि जंतुनाशकाने धुई, कात्री व दोरा उकळून घेई. नाळेला दोन गाठी मारून मधोमध कापायचे : एक गाठ बाळाचे रक्त जाऊ नये म्हणून, दुसरी पोटात जुळे असले तर त्याच्यासाठी. नाळेवर कोरडे, स्वच्छ कापड. लेप कसलाही नाही. तरी उकळण्याने धनुर्वाताचे सगळे बीजाणू मरतीलच असे नाही. म्हणून आज गरोदरपणात टीडी (धनुर्वात आणि घटसर्प यांवरच्या) लशीचे दोन डोस, निदान चार आठवड्यांच्या अंतराने, देतात.

मूल ओढून काढायला चिमटा लावणे किंवा औषध देणे तिच्या अधिकारात नव्हते. मूल आडवे आले, रक्त थांबेना, तर डॉक्टरला बोलवायचे. शहरात हे ठीक. जिथे डॉक्टरच दिवसभराच्या वाटेवर, तिथे या नियमाचा बाळंतिणीला काय उपयोग?

प्रश्न : मग या शिकलेल्या सुईणी खेड्यांत पोचल्या का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : फारशा नाहीत. फी परवडत नसे आणि पाट्या बहुतेक शहरांतच लागत. आपल्याकडेही तेच : तुमच्याच गावच्या मिशन हॉस्पिटलात 1897 पासून नर्सेस शिकत होत्या, तरी मुंबई इलाख्यात सुईणींच्या नोंदणीचा कायदा यायला 1935 उजाडले. आणि त्यानंतरही खेड्यातली बाळंतपणे परंपरेच्या सुईणीच करत राहिल्या.