बराकीतला साक्षीदार आणि जन्मठेप

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाला ठाणे सत्र न्यायालयाने खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप सुनावली, त्याला चार महिने झाले. प्रत्यक्षदर्शी कोणी नाही. 'याने माझ्यापाशी कबुली दिली,' असे त्याच्याबरोबर कोठडीत असलेल्या एका कच्च्या कैद्याने सांगितले आणि मुख्यतः त्यावरच शिक्षा झाली. हा माणूस पोलिसांचा खबरी असल्याचे आमच्या वस्तीत सगळे जाणतात. साक्षीनंतर तो जामिनावर सुटलाही. अपिलाची मुदत संपली असे सांगतात. आता काय करावे?
— एक वाचक, कळवा

उत्तर : मुदतीची धास्ती आधी सोडा. उच्च न्यायालयात अपील करण्यासाठी 60 दिवस असतात हे खरे. परंतु विलंब माफ करण्याचा अर्ज अपिलासोबत देता येतो आणि जन्मठेपेच्या प्रकरणात न्यायालये तो सहसा ताणून धरत नाहीत. कोठडीतील व्यक्तीला 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. त्यासाठी कोर्ट नाक्यावरील जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

आता मूळ मुद्दा. साक्षीदार खबरी आहे एवढ्याने त्याची साक्ष बाद होत नाही, आणि वस्तीत काय बोलले जाते याला उच्च न्यायालयात काडीची किंमत नाही. कागद काय सांगतात ते पाहावे लागेल. कबुली नेमकी कोठे दिली म्हणतात? पोलीस कोठडीत असताना दिलेली कबुली, ती पोलिसाला नव्हे तर शेजारच्या कैद्याला दिलेली असली तरी, दंडाधिकाऱ्यांच्या समक्ष नसेल तर 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 26 नुसार (1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 नुसार) सिद्धच करता येत नाही. ती कारागृहात, म्हणजे न्यायालयीन कोठडीत, दिली असेल तर हे कलम आड येत नाही. मग त्या तारखेला दोघे खरोखर एकाच बराकीत होते का, हे कारागृहाच्या नोंदींवरून ताडून पाहावे लागते. खालच्या न्यायालयात या नोंदी कोणी मागवल्याच नसतील, तर अपिलात अतिरिक्त पुरावा घेण्याची मागणी करता येते.

त्याने सांगितलेल्या तपशिलांपैकी आरोपीखेरीज इतर कोणाला ठाऊक असणे शक्य नव्हते असे काय होते, हा माझ्या मते सर्वांत निर्णायक प्रश्न आहे. 1988 मध्ये लॉस एंजेलिसच्या तुरुंगातील एका सराईत खबऱ्याने अधिकाऱ्यांना प्रात्यक्षिकच दाखवले : तुरुंगातल्या फोनवरून, आपण पोलीस किंवा सरकारी वकील आहोत अशी बतावणी करून, त्याने कधीही न भेटलेल्या आरोपीच्या खटल्याची एवढी माहिती गोळा केली की खोटी कबुली रचायला ती पुरेशी होती. आपल्याकडे तर एवढी खटपटही लागत नाही. आरोपपत्राची प्रत आरोपीच्या पिशवीत असते आणि बराकीत पिशव्यांना कुलूप नसते. म्हणून साक्षीदाराच्या जबाबाची तारीख आरोपपत्राच्या आधीची की नंतरची, हे पहिल्यांदा पाहा.

त्याच्या जामिनाचे कागदही मिळवा. त्या अर्जाला सरकार पक्षाने विरोध केला होता का, आणि आधी फेटाळलेला अर्ज साक्षीनंतर मंजूर झाला का, हे आदेशांत दिसते. उलटतपासणीत याविषयी एकही प्रश्न विचारला गेला नसेल, तर ते दुर्दैव आहे. अशा खटल्यांत ते वारंवार दिसते.

न्यायालयाबाहेर दिलेली कबुली हा मुळातच कमकुवत पुरावा आहे आणि तिला स्वतंत्र पुष्टी असली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या सहदेवन निकालात स्पष्ट केले आहे. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी निर्दोषत्वाची शक्यता उरू न देणारी असावी, हे 1984 च्या शरद सारडा निकालापासून पक्के आहे. भावाच्या सांगण्यावरून हत्यार वा कपडे जप्त केल्याचा पंचनामा असेल, तर सरकार पक्ष त्यालाच पुष्टी म्हणेल. ते पंच आणखी किती खटल्यांत पंच आहेत, हे वकिलांना तपासायला सांगा.

निकालाची प्रत भावाला विनाशुल्क मिळालेलीच असेल. साक्षींच्या प्रमाणित प्रतींसाठी मात्र आजच अर्ज करा. अपिलासोबतच शिक्षा स्थगित करून जामीन मिळावा असा स्वतंत्र अर्ज द्यायला विसरू नका, कारण अपिलाची अंतिम सुनावणी होईपर्यंत काही वर्षेही जाऊ शकतात.