‘विझार्ड’ म्हणजे मांत्रिक की जाणता?

आर्णीकडच्या एका ताई गावच्या वाचनालयात कॉलेजच्या पोरापोरींना जिम बुचर यांची ‘द ड्रेस्डेन फाइल्स’ ही इंग्रजी कादंबऱ्यांची मालिका मराठीतून सांगतात. नायक हॅरी ड्रेस्डेन शिकागोत खासगी गुप्तहेर आहे, पोलिसांना अवघड प्रकरणांत मदत करतो आणि ‘विझार्ड’ आहे. ताईंनी ‘मांत्रिक’ म्हटलं तशी एक आजी बोलली, “मांत्रिक अन् पोलिसायले मदत करते? त्याले त पोलिसच धरून नेतीन!” मग म्हणायचं काय, असं ताईंनी विचारलंय.

आजींचा कान बरोबर आहे. 2013चा जादूटोणाविरोधी कायदा आला त्याच्याही आधीपासून ‘मांत्रिक’ म्हटलं की आपल्याला लिंबू, अंगारा आणि फसवणूक आठवते. ‘जादूगार’ तर रंगमंचावर हातचलाखी करणारा. ‘भगत’ जवळचा वाटतो, पण भगताच्या अंगात येतं, बोलतो तो देव. ड्रेस्डेनच्या अंगात कोणी येत नाही. त्याची ताकद त्याच्या इच्छाशक्तीतून आणि शिकलेल्या विद्येतून येते.

म्हणून माझं मत ‘जाणता’ या शब्दाला. गावात आजही ‘जाणत्याला दाखव’ म्हणतात, आणि समर्थ रामदासांनी शिवरायांना ‘जाणता राजा’ म्हटलं तेव्हा हाच शब्द केवढा उंच गेला! गंमत म्हणजे ‘विझार्ड’ही शहाणा या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरूनच आलाय. ड्रेस्डेनच्या ऑफिसच्या दारावर ‘विझार्ड’ अशी पाटी आहे. तिथे नुसतं ‘जाणता’ वाचताना पहिल्यांदा अडखळायला होईल, हे खरं. पण दोन-चार पानांत शब्द रुळेल. भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांनी आपल्या नायकाला ‘समर्थ’ हे नावच देऊन हा पेच टाळला होता. इथे मात्र धंद्याचंच नाव हवं.

शिवाय मालिका लांब आहे. पहिलं पुस्तक 2000 साली आलं आणि 2020पर्यंत सतरा कादंबऱ्या झाल्या. पहिल्या भागात घेतलेला शब्द पुढे सगळीकडे पेलायला हवा. विझार्डांची मोठी सभा येते, तिला ‘जाणत्यांची सभा’ म्हणता येतं. जाणत्याने, जाणत्याचा, जाणती, जाणते, सगळी रूपं सहज होतात.

मालिकेत जादूचे सात नियम आहेत, ते मोडणारा ‘वॉरलॉक’ वेगळा ठेवा. जादूने माणूस मारायचा नाही, हा त्यातला पहिला नियम. वॉरलॉकला ‘करणी करणारा’ म्हणा, विदर्भात कोणालाही लगेच कळेल. ‘गुप्तहेर’ आहे तसाच राहू द्या, रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांपासून तो आपल्या घरातला आहे.

एक विनंती मात्र आहे, ताई. गोष्टीतल्या बाईला जादू येते म्हणून तिला ‘चेटकीण’ म्हणू नका. हा आळ घेऊन आपल्याच भागात बायकांना मारहाण झाली आहे, जीवही गेले आहेत. तिलाही ‘जाणती’च म्हणा.